शेततळ्यातलं तेल आणि बावीस काळे स्पंज

मी बर्फाच्या कारखान्यांना स्पंज पुरवते. रत्नागिरीत मासळी टिकवायला बर्फ लागतो, बर्फ करायला मिठाच्या गार पाण्याच्या टाक्या लागतात आणि त्या टाक्यांत यंत्रांचं तेल कधी ना कधी उतरतंच. गार पाण्यावर तेल घट्ट होतं. साधा स्पंज टाकला तर तो आधी पाणी पिऊन फुगतो आणि तेल वर तसंच राहतं. म्हणून आम्ही मोठ्या छिद्रांचा स्पंज घेऊन त्याला मेण आणि काजळीचा लेप देतो. मग तो पाण्याला जवळ करत नाही आणि घट्ट तेलसुद्धा धरून ठेवतो. पिळायचा, पुन्हा टाकायचा. या धंद्यामुळे कधी बीड जिल्ह्यात जावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. तिथे समुद्र नाही, मासळी नाही, आणि त्या वर्षी पाणीही नव्हतं.

जाऊन आले. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. कोणी असलं सामान घेऊन तिकडे निघालं, तर निदान माझी चूक त्याच्या हातून होऊ नये.

फोन जानेवारीत आला. "ताई, मी सत्यभामा बोलायले, लिंबागणेशच्या पुढून. आमच्या बायांच्या दूध सोसायटीची चेअरमन. आमच्या तळ्यात तेल पडलंय." त्यांच्या वस्तीवरचा एक माणूस आमच्याकडे बर्फाच्या कारखान्यात फिटर आहे, त्याने माझा नंबर दिला होता. मी विचारलं, किती तेल? "आता कसं सांगावं? काळी साय आल्यावानी झालंय. जनावरं तोंड लावीनात."

मी स्पंजाचे बावीस तक्ते बांधले, दोन पोती केली आणि एसटीत चढले.

वस्तीवर

घाट चढून बालाघाटाच्या पठारावर आलं की माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला पहिल्यांदा जाणवतं ते आकाश. फार मोठं आहे. त्याच्या खाली ज्वारी उभी होती, पण गुडघ्याएवढीच, आणि कणसं न धरताच वाळलेली. एरवी या दिवसांत रानोरान हुरडा भाजतात म्हणे. त्या वर्षी एकाही रानातून धूर दिसला नाही.

सत्यभामाबाई फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, लुगड्यावर नवऱ्याचा स्वेटर. पोती बघून म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं ट्रक आणतेत का काय." मी म्हटलं, स्पंज हलका असतो. "हलकं सामान आन् जड काम," म्हणाल्या आणि एक पोतं डोक्यावर घेऊन चालायला लागल्या.

माझी राहायची सोय दूध संकलन केंद्रात होती. पत्र्याची एक खोली, एक बाक, ओळीने उपडे ठेवलेले दुधाचे कॅन. इतकी स्वच्छ खोली मी आमच्याकडच्या दवाखान्यांतही पाहिलेली नाही. भिंतीवर निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय ठेवू नये. सत्यभामाबाईंची जाऊ जनाबाई म्हणाली, "आमचं दूध आजवर एक डाव बी माघारी आलं न्हाई. आमची चेअरमन लई कडक हाय. कॅन धुतला का, म्हनून आत नाक घालून बगती. कुत्र्यावानी."

"आन् तू मांजरीवानी चाटून ठिवतीस," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्हनून नाक घालावं लागतं."

ही सोसायटी त्यांनी कशासाठी काढली, ते जेवताना कळलं. इथून दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचं नाव नाही, हत्याराचं. सत्यभामाबाई लग्नानंतर अठरा वर्षं अर्धा कोयता होत्या. त्यांच्या दोन मुली उसाच्या फडावरच जन्मल्या. मग तीस बायकांनी म्हशी-गाई धरल्या, दूध एकत्र घालायला लागल्या आणि सात वर्षं त्यांतलं एकही घर ऊसतोडीला गेलं नव्हतं. दुष्काळातही नाही. कडबा साठवलेला होता. पाण्यासाठी प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं होतं आणि त्यात अधूनमधून टँकर रिकामा करत.

त्या टँकरनेच घात केला. ठरलेली गाडी बिघडली म्हणून कंत्राटदाराने दुसरी पाठवली. ती आधी डांबराच्या प्लांटला भट्टीचं तेल वाहायची. शेषराव म्हणून एक म्हातारा धनगर तळ्याची राखण करतो. त्याने झाकण उघडून वास घेतला होता. पण पहाटेच्या थंडीत तेल गोठून टाकीच्या पोटाला चिकटलेलं, वास काही आला नाही. पाणी सुटल्यावर निम्म्याच्या पुढे काळं यायला लागलं.

"मी वरडलो, बंद कर बे, बंद कर," शेषराव मला सांगत होता. "तर डायवर म्हनतो, गंज हाय बाबा, खाली बसंल. बसला कुटं? आमीच बसलो."

जेवण ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. भाजी नसली की त्याचीच आमटी. ती इतकी चांगली होती की मी तीनदा घेतली. शेषरावाने विचारलं, "मासे खाता म्हनं तुमी रोज? काटा घशात अडकत न्हाई का?" मी म्हटलं, सवय लागते. "आमाला भाकर अडकती आन् तुमाला काटा न्हाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

जेवण झाल्यावर माझ्या पेल्यात घोटभर पाणी उरलं होतं. मी ते सवयीने दारातून बाहेर फेकलं. सगळ्यांनी दाराबाहेरच्या ओल्या मातीकडे पाहिलं. जनाबाईने माझा पेला घेतला आणि आतले दोन थेंब वासराच्या घमेल्यात झटकले. त्या घमेल्यात सगळ्यांच्या हात धुतल्याचं पाणी होतं, मिरच्या धुतल्याचं होतं, पेले विसळल्याचं होतं. आमच्याकडे अंगण शिंपायला याच्या दसपट पाणी जातं. पुढचे सगळे दिवस मी पेला संपवूनच खाली ठेवला.

तळ्यावर

सकाळी सहाला गेलो तेव्हा हाताची बोटं वळत नव्हती. कोकणात अशी थंडी नसते. तळं मोठं, पण पाणी आटत आटत तळाला आलेलं. दोन वर्गखोल्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा होईल तेवढं, आणि कंबरभर खोल. त्यावर काकवीसारखा काळा थर. काठी घातली तर थर फाटायचा आणि गुठळ्या होऊन पुन्हा जवळ यायचा. बायकांनी आधी घरातल्या गादीचा स्पंज टाकून पाहिला होता. तो पाण्याने फुगून बुडाला होता.

साठ जनावरांना त्या दिवसांत सोसायटीच्या बोअरचं पाणी देत होते. बोअर दिवसाला अर्धा तास चालायचा आणि मग हवा ओढायचा. सत्यभामाबाईंचा हिशेब होता की तो आठवडाभर पुरेल. तळं साफ झालं तर पुढचे दोन महिने निघतील. नाही झालं तर ऊसतोडीला टोळ्या नेणारा मुकादम गावात बसलेलाच होता. कारखान्याला माणसं कमी पडली होती आणि उशिरा जाणारी शेवटची टोळी रविवारी निघणार होती. ज्या दिवशी मी काम सुरू केलं तो मंगळवार.

आम्ही तक्ते दोरीत ओवले, तळ्याच्या दोन्ही काठांना बायका उभ्या केल्या आणि ती माळ पाण्यावरून सावकाश ओढायला लागलो. नऊपर्यंत फारसं काही मिळालं नाही. मग ऊन चढलं. काजळीमुळे माझे स्पंज उन्हात लवकर तापतात. तापले की लगतचं तेल मऊ होतं आणि छिद्रांत शिरतं. दहाच्या सुमाराला पहिला तक्ता वर काढून लोखंडी पिंपावर पिळला तेव्हा काळी धार लागली. जड, चकाकणारी धार, आणि पाण्याचा थेंब नाही. बायकांनी जत्रेत ओरडतात तसा आवाज केला.

"ओ ताई," जनाबाई म्हणाली, "ह्याला पानी लागतच न्हाई? कोरडा कसा?"

"तेलाशी सोयरीक केलीय त्यानं," मी म्हटलं.

"म्हंजे आमच्या नवऱ्यावानी. कामाला शिवत न्हाई, बाटलीला सोडत न्हाई."

संध्याकाळी तळ्याचा एक तृतीयांश भाग मोकळा होता. खालचं पाणी गढूळ पण जिवंत दिसत होतं. सत्यभामाबाई काठावर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी त्या मोकळ्या पाण्यात बोटं बुडवून वास घेतला. मग विचारलं, "किती दिवस?"

"आणखी तीन. शुक्रवारी जनावरं आणा. पण पाजण्याआधी पाणी तपासून घेऊ."

त्या उठल्या आणि वस्तीवर जाऊन मुकादमाला सांगून आल्या की आमच्या तीस घरांतून कोणी येणार नाही. त्याने म्हणे विडी विझवली आणि म्हणाला, रविवारपर्यंत हाय मी.

बुधवारी सकाळी मी पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन अंबाजोगाईला निघाले. माझी एक जुनी मैत्रीण तिथे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. निघण्यापूर्वी बायकांना सगळं पुन्हा सांगितलं. दोर ताणायचा नाही. तक्ता आपटायचा नाही. पिंपावरच पिळायचा. पिंप भरलं तर झाकून दुसरं घ्यायचं. कोणी विडी ओढत जवळ येऊ द्यायचं नाही. सगळं सांगितलं, असं मला वाटलं.

अंबाजोगाई

अंबाजोगाई मला आवडलं. चढ-उताराचे रस्ते, दप्तरं घेतलेली पोरं, दवाखान्यांच्या बाहेर डबे घेऊन बसलेली गावोगावची माणसं. मैत्रिणीने बाटली हलवली, हुंगली आणि म्हणाली, वरचा थर काढला असेल तर खालच्या पाण्यात फारसं काही उतरलेलं नसावं. थंडीने मदतच केली आहे. तेल गोठून वर राहिलं. तपासायला तिला दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली. मी तिच्याकडे मुक्काम केला, गरम पाण्याने अंघोळ केली आणि ते पाणी मोरीतून जाताना पाहून मला उगाच अवघडल्यासारखं झालं.

गुरुवारी अकराला तिने कागद हातात दिला. थर पूर्ण काढल्यावर जनावरांना चालेल. मी तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि दोन गाड्या बदलत चारच्या सुमाराला फाट्यावर उतरले. इतकी घाई मी माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामासाठी केलेली नाही.

तक्ते वाळत होते

वस्तीच्या अलीकडे बाभळीचं कुंपण आहे. त्यावर माझे स्पंज ओळीने वाळत घातलेले दिसले. सगळे बावीस. दुरूनच कळलं की त्यांचा रंग गेला आहे. काळे होते ते राखाडी झाले होते. जवळ गेले तर साबणाचा वास.

जनाबाई धावत आली. "बगा ताई, कसे चकाचक केलेत. काल दुपारपून लई मळले होते. वढीनातच. म्हनलं, धुवून घ्यावं."

"कशानं धुतले?"

"सोडा आन् पावडर. कॅनाचंच सामान. आक्खं पोतं संपलं, पर कसर ठिवली न्हाई. काल दोनदा, आज सकाळून दोनदा. धुवायचं आन् तळ्यात वढायचं, धुवायचं आन् वढायचं."

मला पुढचा प्रश्न विचारायचाच नव्हता. "धुतलेलं पाणी कुठं टाकलं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. "कुटं टाकावं? तळ्यातच. वरचं काळं काढून, फडक्यानं गाळून वतलं. पानी टाकून द्यावं का काय, ह्या दुष्काळात?"

मी तळ्याकडे गेले. वर थर नव्हता. एक गुठळीही नव्हती. सगळं पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत करड्या ताकासारखं झालं होतं आणि कडेला फेस होता. साबणाने तेलाचे इतके बारीक कण होतात की ते पाण्यात खोलवर मिसळून जातात. वर तरंगत नाहीत, खाली बसत नाहीत. त्यातून त्यांनी माळ दोन दिवस मागे-पुढे ओढली होती. घुसळल्यासारखंच झालं होतं. मी कुंपणावरचा एक तक्ता आणून पाण्यावर ठेवला. लेपावर साबणाचं पूट बसलं होतं; तो पाणी पीत पीत तिरका झाला आणि बुडाला.

आमच्या बर्फाच्या कारखान्यांत कोणीही, कधीही, काहीही धुत नाही. तेलकट स्पंज कोपऱ्यात पडलेला असतो, दुसऱ्या दिवशी तोच उचलतात. इतक्या वर्षांत मला एकाही माणसाला 'साबण लावू नका' असं सांगावं लागलं नव्हतं. म्हणून इथेही सांगितलं नाही. ज्या खोलीच्या भिंतीवर धुतल्याशिवाय ठेवू नये असं लिहिलं होतं, त्या खोलीत मी दोन रात्री झोपले होते.

सत्यभामाबाई आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जनाबाईच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

"मंजी आमी धुतले न्हाई आस्ते तर?" तिने विचारलं.

"तर उद्या साफ झालं असतं."

"मग तुमी सांगितलं काहून न्हाई?"

"माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी आहे."

जनाबाईने कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली. सत्यभामाबाईंनी तिला हात देऊन उठवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नियम माझा हाय. तिनं पाळला." मग विचारलं, "आता काय करता येतं?"

शुक्रवार, शनिवार

करता येण्यासारखं मी सगळं केलं. स्पंज परत कामाला लावायचे तर प्रत्येक तक्ता सात-आठ स्वच्छ पाण्यांतून खळबळून काढायला हवा, साबणाचा अंश जाईपर्यंत. तेवढं पाणी असतं तर तळ्याची गरजच नव्हती. मग तुरटी आणली. बादलीत तुरटी फिरवून ठेवली तर दोन-तीन तासांनी वर मळकट थर जमायचा आणि खाली जरा निवळ पाणी दिसायचं. बादलीभर. शेषराव बादलीत वाकून म्हणाला, "ताई, अशा किती बादल्या हुतील?" मी पुढच्या बादलीत तुरटी फिरवली. आम्ही तरी दीड दिवस पिंपांत तेच केलं. त्या निवळलेल्या पाण्यालाही वास होता.

शनिवारी सकाळी सत्यभामाबाईंनी त्यांची गाय आणली. तांबडी, मोठ्या कानांची. तिला आदल्या दिवसापासून निम्मंच पाणी दिलं होतं. निवळलेल्या पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं. गाय आली, नाक खाली नेलं, फुंकर घातली. पाण्यावर वलयं उठली. तिने मान वर केली आणि सत्यभामाबाईंच्या खांद्याला घासली. तहानलेली होती. घासत राहिली, पण घमेल्याकडे परत गेली नाही.

"चल," सत्यभामाबाई गाईला म्हणाल्या.

दुपारी बोअरने नेहमीपेक्षा लवकर हवा ओढली.

संध्याकाळी केंद्रात तीस बायका जमल्या. मी कोपऱ्यात बाकावर होते. वाटलं होतं, कोणीतरी मला बोलेल. मला ते हवंही होतं. पण कोणाची जनावरं कोण बाजारात नेणार, कोणाच्या म्हाताऱ्याला कोण सांभाळणार, कोणाच्या पोरी वसतिगृहात राहतील, एवढंच चाललं होतं. टँकर दुसरा मागवा, असं एकीने म्हटलं. तर तेल पडलं त्या दिवशीच मागवलाय, अजून आला नाही, असं दुसरीने सांगितलं. वाद झाला नाही. एका तासात संपलं. मुकादमाला बोलवायला कोणी गेलंही नव्हतं. तो दारात येऊन उभा होता.

जनाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. "ताई, तुमच्या हातचा स्पंज लई चांगला व्हता हो," ती म्हणाली. "आमालाच कळला न्हाई." याच्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत

रविवारी ट्रक आणि मी एकाच वेळी निघालो. ट्रकमध्ये भांडी, पत्रे, गोधड्या, कोंबड्यांची डालगी आणि त्यावर माणसं. जनावरं पहाटेच बाजाराच्या वाटेला लावली होती. त्यांचा गोठ्यातला वास अजून तसाच होता. सत्यभामाबाई वर चढण्याआधी माझ्यापाशी आल्या. मी स्पंज परत नेणार की नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, त्यांचा आता काही उपयोग नाही. "मग गाद्यांत घालतो," म्हणाल्या. "टोळीत जमीन लई गार लागती." खरंच त्यांनी तक्ते मागवून घेतले आणि पोरींच्या गोधडीखाली अंथरले.

लिंबागणेशला गाडी बदलायची होती. मधे तासभर होता. गणपतीचं देऊळ समोर होतं, लोक जात-येत होते. मी गेले नाही. मागण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते पाकिटावर छापायच्या सूचनेत एक ओळ घालण्याचं : साबण, सोडा लावू नये. बर्फाच्या कारखान्यातला एक फोरमन ती वाचून हसला. म्हणाला, "धुतो कोण, बाई?"

मार्चमध्ये सत्यभामाबाईंचा फोन आला. मागे चुलीचा आणि पोरांचा आवाज होता. त्या कोल्हापूरकडच्या कुठल्याशा कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहत होत्या. मी विचारलं, कसं चाललंय?

"चाललंय. सात वर्सांनी हात परत शिकले. कोयता इसरत न्हाई हात." मग म्हणाल्या, "ताई, हितं पानी लई हाय. कोपीच्या मागंच पाट हाय. रातंदिस वाहातो. काल मी तितं घंटाभर बसलते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लई गोड पानी हाय," त्या म्हणाल्या. "पाजायला कुनी न्हाई."

कारखाना बंद झाला की गावी जाणार का, असं मी विचारलं. हो म्हणाल्या. मग पाटावरून पाणी आणायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.